परसातली अंबाडी: पानापासून बोंडापर्यंत

अंबाडीचे एकच झाड पावसाळ्यात भाजी देते, दिवाळीनंतर बोंडे देते आणि माघात बी देते. मात्र यातली प्रत्येक गोष्ट ते आपल्या वेळेला देते, आणि ती वेळ बहुधा घरातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या कामावरच येऊन पडते. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्या गावी, घरामागच्या परसात मी गेली काही वर्षे अंबाडी लावते आहे. आमचे घर कपाशी आणि तुरीवर चालते. त्यामुळे परसातले काम हे वावरातून उरलेल्या वेळातच करायचे असते. त्या उरलेल्या वेळात मृगापासून माघापर्यंत काय काय करावे लागते आणि स्वयंपाकघरात त्याचे काय होते, ते येथे सविस्तर लिहिते आहे.

अंबाडी दोन जातींची असते. एक उंच, सरळ वाढणारी, जिच्या खोडाचा वाक, म्हणजे दोर वळायचा धागा, निघतो आणि जिच्या बोंडावरचे आवरण पातळ असते. दुसरी आडवी फुटणारी, लाल देठांची, जिच्या बोंडाभोवती मांसल, आंबट, लालभडक पाकळ्या असतात. पाने दोन्हींची खाता येतात, पण चटणी आणि सरबत हवे असेल तर लाल अंबाडीच लावावी लागते. तिचे बी मला शेजारच्या मावशींनी दिले. पूर्वी आमच्या भागात ज्वारीच्या वावरात किंवा धुऱ्याला (बांधाला) अंबाडीचे एखादे तास, म्हणजे ओळ, असायचेच. सोयाबीन आले तशी ज्वारी मागे पडली, आणि ज्वारीबरोबर तिच्यातली अंबाडी, बरबटी, मूग हेही वावरातून कमी झाले. त्यात तणनाशकाचा फवारा धुऱ्यापर्यंत गेला की अंबाडी जळते. म्हणून आज जिला अंबाडी टिकवायची आहे तिने परसात जागा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वावराच्या भरवशावर राहिलो तर बीसुद्धा शोधत फिरावे लागेल.

आमचे परस पऱ्हाट्यांच्या कुंपणाने वेढलेले आहे. जमीन काळी आणि चिकण आहे, आणि अंबाडीच्या दृष्टीने हीच मोठी अडचण आहे. या झाडाला ओल आवडते, पण बुडाशी पाणी साचलेले मुळीच सहन होत नाही. दोन दिवस पाणी तुंबले की खोड जमिनीलगत काळे पडून सडते आणि वरून हिरवेगार दिसणारे झाड एका उन्हात माना टाकते. म्हणून मी उन्हाळ्यातच माती ओढून वरंबे करून ठेवते आणि त्यात गोठ्यातले कुजलेले शेणखत मिसळते. खत बेताचेच घालते, कारण फार सकस जमिनीत अंबाडी नुसती पानांवर जाते आणि बोंडे मागे राहतात. न्हाणीचे सांडपाणी परसाच्या एका कडेने जाते, त्या कडेला अळू आहे. अंबाडी मात्र तिच्यापासून लांब, उंचवट्यावर आहे.

मृगाचा पहिला पाऊस जमिनीत नीट मुरला की मी बी टोबते. हा वावरातही सरकी टोबण्याचा काळ असतो, त्यामुळे परसातले बी सकाळी अंगण झाडून झाल्यावर, वावरात निघायच्या आधी मातीत जाते. बोंडांसाठीच्या ओळीत झाडापासून झाड दोन हात ठेवते. हे अंतर पावसाळ्यात उगाच वाया गेल्यासारखे दिसते, पण आश्विनात फांद्या एकमेकींना भिडतात तेव्हा त्याची किंमत कळते. भाजीसाठी मात्र एका वाफ्यात बी दाट फेकते आणि रोपे वीतभर झाली की मुळासकट उपटून त्यांचीच पहिली भाजी करते. या विरळणीच्या कोवळ्या भाजीला आंबटपणा कमी असतो. मुलांना तीच अधिक आवडते.

पहिला महिनाभर निंदण करावे लागते, कारण रोप लहान असताना तण त्याला झाकून टाकते. त्यानंतर झाड इतके भराभर वाढते की त्याच्या सावलीत दुसरे काही फारसे उगवत नाही. गुडघ्याएवढे झाले की शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, फांद्या जितक्या अधिक तितकी पुढे बोंडे अधिक, आणि खुडलेल्या शेंड्याची भाजी होते. आषाढ आणि श्रावणात आठवड्यातून एकदा तरी आमच्या घरी अंबाडी असतेच. पण हे खुडणे कोठे थांबवायचे, हाच या सगळ्या कामातला कळीचा मुद्दा आहे. माझ्या सासूबाईंचा नियम सोपा आहे: “पोया झाला का शेंडे खुडू नोको वो. मंग बोंडं कुठून येतीन?”

या नियमामागे झाडाची प्रकृती आहे. अंबाडी किती उंच झाली यावरून ती फुलायचे ठरवत नाही. दिवस लहान आणि रात्र मोठी होऊ लागली की ती कळी धरते. जूनमध्ये लावलेले पुरुषभर उंचीचे झाड आणि ऑगस्टमध्ये लावलेले मांडीएवढे झाड जवळपास एकाच सुमारास, आश्विनाच्या आसपास फुलते. उशिरा लावलेल्या झाडाला फांद्या करायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याला बोंडे मोजकीच लागतात. तसेच पोळ्यानंतर शेंडे खुडले तर ज्या टोकांवर कळ्या यायच्या तीच टोके आपण भाजीत घालतो. त्यामुळे पोळ्यापर्यंत मनसोक्त भाजी खावी आणि नंतर हात आवरावा. दाट वाफ्यातली अंबाडी भाद्रपदातही भाजीला चालते, कारण तिच्याकडून बोंडांची अपेक्षा नसते.

आता भाजीविषयी. पाने देठापासून खुडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, बारीक चिरून उकळत्या पाण्यात टाकते. पानांचा हिरवा रंग क्षणात काळपट होतो. ते आम्लामुळे होते, त्यात बिघडलेले काही नसते. पाच-सात मिनिटांनी पाने चाळणीवर काढून हलक्या हाताने पिळते. हे पाणी टाकल्याने तीव्र आंबटपणा जातो आणि पानांतले ऑक्सॅलिक आम्लही कमी होते. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तरीही ही भाजी बेतानेच खावी. अगदी कोरडी होईपर्यंत मात्र पिळू नये, नाहीतर तोंडात चोथाच उरतो. तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवते. चार माणसांना चिरलेली चार वाट्या पाने, अर्धी वाटी डाळ, पाव वाटी कण्या आणि मूठभर भिजवलेले शेंगदाणे पुरतात. डाळ आधी पूर्ण शिजली पाहिजे, कारण आंबटात डाळ मऊ होत नाही. “दायीत आंबट पडलं का ते दाय मंग चुलीवर दिवसभर ठेवली तरी शिजत नाई,” हे सासूबाईंनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात सांगितले होते, आणि पुढे मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्लाचा धडा आला तेव्हा आम्ही दोघींनी तो याच भाजीवरून समजून घेतला.

शिजलेली डाळ, कण्या आणि पाने एकत्र करून घोटायची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालायचा, आणि भाजी खदखदू लागली की बाजूला फोडणी करायची. फोडणीत कंजूषी करू नये. तेल चांगले तापवून त्यात मोहरी, हिंग, ठेचलेल्या दहा-बारा लसूणपाकळ्या आणि सुक्या लाल मिरच्या घालते. लसूण बदामी झाला की अर्धी फोडणी भाजीत ओतते आणि अर्धी वाटीत ठेवते, म्हणजे ज्याला हवी त्याला ताटात वरून घेता येते. सोबत ज्वारीची भाकर आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, या भाजीवर जवसाचे कच्चे तेल लागते. घाण्यावरचे ताजे तेल मिळाले त्या दिवशी ते फोडणीला हातही लावत नाहीत. चवीच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूची आहे. जवसाच्या तेलाचा किंचित कडवटपणा अंबाडीच्या आंबटपणाला जसा धरतो तसा दुसरे कोणतेही तेल धरत नाही.

आश्विनात फुले येऊ लागतात. फूल फिकट पिवळे असते, आत गर्द लाल डोळा असतो. कपाशी आणि भेंडीच्या फुलाशी त्याचे साम्य लगेच दिसते, कारण ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. फूल एकच दिवस टिकते. ते गळाले की त्याच्या बुडाची लाल पाकळी वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत बोंड तोडण्याजोगे होते. एकाच फांदीवर खाली तयार बोंड, मध्ये कोवळे आणि टोकाला फूल असते, म्हणून तोडणी एका दिवसात संपत नाही. दर चार-पाच दिवसांनी फेरी मारावी लागते. बोंड तयार झाल्याची माझी खूण अशी आहे: पाकळी जाड, ताठ आणि बोटांनी मोडली तर कचकन तुटणारी हवी, आणि आतले बोंड अजून हिरवे हवे. आतले बोंड तपकिरी होऊ लागले की पाकळी चामट होते आणि तिचा रस कमी होतो.

हीच कापूस वेचणीची वेळ आहे. गावातल्या सगळ्या बायका सकाळपासून वावरात असतात, मीही असते. त्यामुळे अंबाडीची बोंडे मी उजाडताना, गाईची धार काढण्याआधी तोडते. त्या वेळी देठ दवाने ओलसर आणि कडक असतो, चाकूच्या हलक्या झटक्याने बोंड सुटते. दुपारी हेच देठ चिवट होतात आणि ओढाताणीत फांदी सोलली जाते. पहाटे तोडण्याचा आणखी एक फायदा आहे. कपाशीवरचे लाल ढेकूण या दिवसांत अंबाडीच्या पिकत्या बोंडांवर येतात आणि आतल्या बियांचा रस शोषतात. थंडीत ते सुस्त असतात, त्यामुळे साबणाच्या पाण्याचे टोपले खाली धरून फांदी हलवली की पटापट खाली पडतात. खाण्याच्या पाकळीवर मी कोणतेही औषध फवारत नाही. परसात असलेल्या झाडांना हा उपाय पुरतो.

पाकळ्या सोडवण्याचे काम रात्री जेवणानंतर ओसरीवर बसून होते. बोंडाच्या देठाकडचा भाग चाकूने गोल कापायचा आणि अंगठ्याने आतले हिरवे बोंड वर ढकलायचे. पाकळ्यांची लाल वाटी अखंड सुटून हातात येते. आतल्या बोंडावर बारीक, ताठ लव असते आणि ती बोटांत शिरून दुसऱ्या दिवशी सकाळी कापूस वेचताना चुणचुणते, म्हणून बोटांना थोडे खोबरेल लावून बसावे. सासूबाई, मी आणि मुलगी अशा तिघी बसलो तर टोपलेभर बोंडे तासाभरात सुटतात. मुलीचा अभ्यास असला तर आम्ही दोघीच करतो आणि ती शेजारी बसून पाढे म्हणते.

ताज्या पाकळ्यांची पहिली चटणी तोडणीच्याच आठवड्यात व्हावी. लोखंडी किंवा जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) भांडे यासाठी घेऊ नये. आम्लामुळे भांड्याचा धातू उतरतो, आणि लोखंडात तर लाल रंग काळा पडतो. स्टीलच्या कढईत दोन चमचे तेलावर जिरे, हिरव्या मिरच्या आणि लसूण परतून त्यातच पाकळ्या टाकते. त्यांना पाणी घालावे लागत नाही. झाकण ठेवले की स्वतःच्या रसात त्या विरघळतात आणि कढईभर पाकळ्यांचा वाटीभर लगदा होतो. त्यात भाजलेले जवस आणि तीळ, मीठ आणि थोडा गूळ घालून पाट्यावर वाटते. मिक्सरमध्येही होते, पण पाट्यावर जवस अर्धवट भरडले जातात आणि चटणीला जो कण येतो तो मिक्सरमध्ये येत नाही. ही चटणी भाकरीबरोबर चार-पाच दिवस टिकते. वेचणीच्या दिवसांत वावरात शिदोरी न्यायला यापेक्षा सोपे काही नाही.

सोडवलेली हिरवी बोंडे बहुतेक जण फेकून देतात. ती फेकू नयेत. त्यांच्यात पेक्टिन भरपूर असते, म्हणजे तेच द्रव्य ज्यामुळे जाम घट्ट बसतो. बोंडे बुडतील इतक्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळली की पाणी बुळबुळीत होते. ते गाळून पाकळ्यांच्या लगद्यात मिसळते आणि लगद्याच्या वजनाच्या पाऊणपट साखर घालून आटवते. थंड ताटलीवर टाकलेला थेंब पसरला नाही की उतरवते. बाजारातली कोणतीही पूड न घालता हा जाम घट्ट बसतो, रंग माणकासारखा राहतो, आणि मुलांच्या डब्यातल्या पोळीला तो वर्षभर पुरतो.

उरलेल्या सगळ्या पाकळ्या मी वाळवते. उन्हात वाळवल्या तर लवकर वाळतात, पण रंग उडतो. म्हणून मागच्या पडवीत बाजेवर स्वच्छ धोतर अंथरून त्यावर एकेक थर पसरते आणि दिवसातून एकदा हलवते. आपल्याकडची हिवाळ्याची हवा कोरडी असते, त्यामुळे आठवड्याच्या आत पाकळ्या कुरकुरीत होतात. मुठीत दाबल्यावर चुरा झाला तर वाळल्या असे समजावे. ढगाळ हवा आली किंवा मार्गशीर्षात अवकाळी पाऊस झाला तर बाज चुलीच्या खोलीत न्यावी लागते, कारण अर्धवट वाळलेल्या पाकळ्यांना दोन दिवसांत बुरशी धरते. दहा किलो ओल्या पाकळ्यांच्या साधारण किलोभरच सुक्या उरतात, हे आधीच लक्षात घेऊन किती झाडे लावायची ते ठरवावे. वाळल्यावर त्या काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ठेवते. प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात त्या दमट होतात.

या पाकळ्यांचे खरे काम चैत्र-वैशाखात सुरू होते, जेव्हा आमच्याकडे पारा 45 अंशांकडे जातो आणि दुपारी वावरातून आलेल्या माणसाला नुसत्या पाण्याने बरे वाटत नाही. वाटीभर सुक्या पाकळ्या चार वाट्या पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे ठेवते, मग आच बंद करून झाकून तशाच मुरू देते. फार वेळ खळखळ उकळले तर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. गाळलेल्या अर्कात त्याच्याइतकीच साखर, थोडे सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून ठेवते आणि पिताना माठाच्या पाण्यात मिसळते. गूळ घातला तर चव उत्तम लागते, पण रंग मळकट होतो. घरच्यांसाठी मी गूळ घालते आणि पाहुण्यांसाठी साखर. ज्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारलेले बरे, कारण अंबाडीच्या अर्काने रक्तदाब काहीसा उतरतो.

एका कडेला मामाजींसाठी उंच अंबाडीची एक ओळ असते. ती मुद्दाम दाट पेरलेली असते, म्हणजे फांद्या न फुटता खोडे सरळ काठीसारखी वाढतात, आणि फुले येऊ लागताच ती कापली जाते. बोंडे पिकेपर्यंत थांबले तर वाक जाडाभरडा होतो. नाल्याच्या डबक्यात पेंढ्या दगडाखाली दाबून ठेवतात. पाणी कोमट असले तर दोन आठवड्यांत साल सुटते, थंडी लवकर पडली तर अधिक लागतात. मामाजी मधूनमधून एक काडी काढून साल ओढून पाहतात. सडलेल्या पेंढ्यांचा वास उग्र असतो, पण धुऊन वाळवलेला वाक चांदीसारखा चमकतो. त्याचा कासरा ते स्वतः वळतात. नायलॉनचा दोर स्वस्त आहे आणि सडत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी बैलाच्या मानेला तो घासतो आणि कातडे सोलतो, म्हणून मानेशी येणारा भाग ते अंबाडीचाच ठेवतात.

बियांसाठी मी दोन-तीन चांगली झाडे आधीच हेरून त्यांच्या फांद्यांना चिंधी बांधते, म्हणजे तोडणीच्या घाईत कोणी त्यांची बोंडे काढत नाही. बुडाकडची, सर्वांत आधी आलेली बोंडे बियांना ठेवते. माघात ती झाडावरच वाळून तपकिरी होतात. पूर्ण उकलेपर्यंत थांबले तर पाच फाकांची बोंडे फुटून बी मातीत सांडते, म्हणून टोके उघडायला लागली की तोडून सुपात उन्हाला ठेवते आणि हाताने चोळते. अंबाडीचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी वाण फारसा मिसळत नाही. बी राखेत घोळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून लहान मडक्यात ठेवते.

यंदा बी घरच्या गरजेपेक्षा पुष्कळ झाले. बचत गटातल्या काही जणींनी पुड्या नेल्या आहेत. घरी बोलून असेही ठरले आहे की येत्या मृगाला तुरीच्या वावरात विहिरीकडच्या धुऱ्याला एक तास अंबाडीचे टोबायचे आणि त्या बाजूच्या चार ओळींत तणनाशक न मारता हाताने निंदायचे. त्या चार ओळींचे निंदण माझ्याकडे आहे.